डावं वळण

धाकट्या भावाचा फोन आला तेव्हा आत्या औषधांच्या दुकानाचं शटर ओढून जेवायला बसत होती. "ये. आणि कुणाला सांगून येऊ नकोस," एवढंच म्हणून त्याने ठेवला. आत्या एकटी राहायची. ती सांगणार तरी कुणाला? म्हणजे तो बोलला तिच्याशी, पण रोख थोरल्या भावावर होता. आपण थोरल्याशी बोलतो हे याला कळलंय, की याने नुसता खडा टाकून पाहिलाय, याचा विचार करत ती वर्कशॉपपर्यंत चालत आली.

दारातच तिला काहीतरी चुकल्यासारखं झालं. आवाज नव्हता. या इमारतीत प्रयोगशाळांसाठी काचेची उपकरणं बनत, आणि दिवसभर पाच बर्नरच्या ज्योतींची फुसफूस चाले. लहानपणी आत्या त्या आवाजातच झोपली होती, त्यातच तिने परीक्षांचा अभ्यास केला होता. आज भर दुपारी पाचही बर्नर बंद होते. दोन्ही कारागिरांना अर्धा दिवस सुटी दिली होती. याआधी असं एकदाच झालं होतं. अकरा वर्षांपूर्वी, थोरला सोडून गेला त्या दिवशी.

पॅकिंगच्या टेबलावरचे कागदाचे गठ्ठे बाजूला सारून सगळे बसले होते. आजोबा, म्हणजे आत्याचे वडील, मधोमध, हातात भिंग. त्यांच्या उजव्या हाताला धाकटा. धाकट्याची बायको इस्पितळात एक्स-रे काढायची. सकाळची पाळी संपवून ती गणवेशातच आली होती आणि पर्स अजून मांडीवर होती. टेबलाच्या टोकाला बारकी, त्या दोघांची मुलगी, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाची. वीस वर्षांची झाली तरी नाव बारकीच राहिलं होतं.

"बस," धाकटा म्हणाला. "तुला ठाऊक असेलच म्हणा."

"काय?"

"तेच विचारतोय."

आत्या बसली आणि काही बोलली नाही. दुकानाच्या काउंटरमागे वीस वर्षं काढल्यावर एवढं तिला जमत होतं.

विषय बारकीच्या फॉर्मचा होता. कॉलेजचं शेवटचं सत्र बाहेर करायची सोय होती. सहा महिने परदेशातल्या विद्यापीठात, किंवा सहा महिने इथल्याच एखाद्या कारखान्यात. क्रेडिट दोन्हींना सारखेच. बारकीने परदेशासाठी अर्ज केला होता. तिथल्या रसायनशास्त्र विभागाची स्वतःची काचशाळा होती आणि तिथे एक म्हातारा कारागीर काच आणि धातू यांचा हवाबंद सांधा करायला शिकवायचा. या वर्षाअखेरीस तो निवृत्त होणार होता. अर्जासोबत स्वतःच्या हाताने केलेला नमुना पाठवायचा होता. बारकीने वाफ थंड करणाऱ्या कंडेन्सरमध्ये बसतं ते काचेचं वेटोळं पाठवलं आणि तिची निवड झाली. सकाळी पत्र आलं. आता एकच कागद राहिला होता, त्यावर तीन सह्या हव्या होत्या: पालकाची, ज्या वर्कशॉपमध्ये नमुना तयार झाला त्याच्या मालकाची, आणि शिकवणाऱ्या कारागिराची. कॉलेजची खिडकी पाचला बंद होणार होती. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

"मग करा की सह्या," आत्या म्हणाली.

आजोबांनी पत्र आणि भिंग तिच्याकडे सरकवलं. पत्रात नमुन्याचा फोटो छापला होता. एक हात, हातात वेटोळं, मागे खिडकी. बारकीने तो अर्जाबरोबर पाठवला होता. काच स्वच्छ होती, वेढे सारखे होते. आत्या म्हणाली की छान आहे.

"कुठल्या बाजूला वळलंय?" आजोबांनी विचारलं.

तिने पुन्हा भिंग धरलं. आता तिला दिसलं, आणि दिसल्याबरोबर ज्योती का बंद आहेत तेही कळलं.

वेटोळं स्क्रूसारखं असतं. ते एक तर उजवीकडे चढतं, नाही तर डावीकडे. या वर्कशॉपमधलं प्रत्येक वेटोळं उजव्या वळणाचं होतं. तो आजोबांचा नियम होता: दोन वेटोळी एकात एक बसवायची तर दोन्हींचं वळण एकच हवं, आणि दहा वर्षांनी बदली तुकडा मागितला तरी तो पहिल्यासारखाच हवा. या नियमात न बसलेला एकच माणूस होता. थोरला डावखुरा. त्याच्या हाताखाली नळी आपसूक डावीकडे वळायची. आजोबांनी त्याला पंधरा वर्षं उजवं वळायला लावलं, आणि एके दिवशी तो आपली अवजारं एका पिशवीत घालून नदीपलीकडे गेला. तिथे त्याने स्वतःचं वर्कशॉप काढलं.

"फोटो उलटा धरला असेल," आत्या म्हणाली.

धाकटा फळीवरून एक वेटोळं घेऊन आला, तिच्यासमोर उभं धरलं आणि मग खालचं टोक वर केलं. "उलटं धर, सुलटं धर, वळण बदलत नाही. तुला मी हे सांगायला हवं?" त्याने ते अलगद टेबलावर ठेवलं. "हे इथलं नाही. बारकी म्हणते तिने केलंय, इथेच केलंय. मी म्हणतो, ही काच कुणाच्या हातची आहे ते आंधळाही सांगेल."

*

धाकट्याला राग आलेला नव्हता. रागाचा टप्पा सकाळी दहालाच येऊन गेला होता. आता तो जोडत होता.

गेल्या उन्हाळ्यापासून बारकी बुधवारी उशिरा यायची. प्रॅक्टिकल आहे म्हणायची. बुधवारी तिचं प्रॅक्टिकल असल्याचं वेळापत्रकात कुठे नव्हतं. ते त्याने आज सकाळी काढून पाहिलं. परदेशाची माहिती तिला पहिल्यांदा दिली ती आत्याने. कुरियर गेलं ते आत्याच्या दुकानातून. आणि आत्या महिन्यातून दोनदा नदीपलीकडे 'माल आणायला' जायची, तिथे औषधांचा एकही घाऊक विक्रेता नसताना. एकेक गोष्ट घेतली तर काहीच नव्हती. सगळ्या एका ओळीत ठेवल्या की ओळ सरळ थोरल्याच्या दारात जात होती.

म्हणजे परदेशाचं निमित्त होतं. जायचं होतं ते नदीपलीकडे. सहा महिने बाहेर राहून यायचं, सांध्याचं काम शिकायचं, आणि मग ते काम इथे आणायचं की तिथे? इथे तर कुणाला ते येत नव्हतं. आजोबांनी उमेदीची दोन वर्षं त्या सांध्यापायी घालवली होती. थंड होताना प्रत्येक तुकडा तडकायचा. तेव्हापासून अशी मागणी आली की ते बाहेरून करून घेत आणि पेटीवर स्वतःचं लेबल लावत नसत.

त्याने स्वतः फॉर्मवर दुसऱ्या चौकटीत पेन्सिलने खूण करून ठेवली होती. इथल्याच कारखान्यात प्रशिक्षण, कारखाना हाच. कॉलेजला चाललं असतं, त्याने फोन करून विचारलं होतं. बारकीने ती खूण पाहिली तेव्हा ती फक्त म्हणाली होती, "बाबा, मी बारा वर्षांची असल्यापासून तेच करतेय. त्याचे क्रेडिट मागितले तर कॉलेजच माझं देणं लागेल."

बोलायला ती त्याच्यावरच गेली होती. हे त्याला आवडायचं. आज तेही संशयास्पद वाटत होतं.

"मला कळत नाही," आत्या म्हणत होती, "मुलीची निवड झाली, आणि तुम्ही इथे पंचनामा करत बसलात."

"खोट्या कागदावर सही मी करत नाही, ताई."

"खोटा कशावरून?"

"डाव्या वळणावरून."

आत्या आजोबांकडे वळली. आजोबा फोटोकडेच पाहत होते, भिंग आता डोळ्याला न लावता. "अण्णा, तुम्ही काहीतरी बोला."

"काम उत्तम आहे," आजोबा म्हणाले. धाकट्याला ते चांगलंच लागलं. त्याच्या कामाला ते 'ठीक' म्हणत.

*

बारकीच्या आईला पहिल्या पाच मिनिटांतच कळलं होतं.

दिवसाला चाळीस-पन्नास एक्स-रे तिच्या हाताखालून जात. फिल्म उलटी टांगली की हृदय भलत्याच बाजूला दिसतं. म्हणून दर फिल्मवर शिशाचं बारकं अक्षर ठेवायचं आणि चित्र पाहण्याआधी ते अक्षर पाहायचं, ही तिची सवय. फोटोवर अक्षर नव्हतं, पण दुसरी खूण होती. वेटोळं धरलेल्या हाताच्या अंगठ्याखाली भाजल्याचा फिकट डाग होता. तो डाग बारकीच्या डाव्या हातावर होता. तिनेच तीन आठवडे त्यावर पट्ट्या बांधल्या होत्या. आणि फोटोतला हात उजवा दिसत होता.

म्हणजे हात उलटला होता. हात उलटला तर वेटोळंही उलटलं. खिडकीपाशी उभं राहून, डाव्या हातात वेटोळं धरून, उजव्या हाताने मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून स्वतःच काढलेला फोटो. तो कॅमेरा आरशासारखा दाखवतो, आणि बारकीच्या मोबाइलमध्ये फोटो उतरतोही तसाच. खऱ्या काचेचं वळण उजवंच होतं. प्रकरण एका वाक्यात संपत होतं.

ते वाक्य ती बोलली नाही. आधी वाटलं, कुणाच्या तरी लक्षात येईल. मग वाटलं, येऊ नये. सहा महिन्यांसाठी परदेशी गेलेली आणि सहा वर्षं न परतलेली मुलं तिने इस्पितळात पाहिली होती, म्हणजे त्यांचे आईवडील पाहिले होते: फॉर्मवर 'जवळचे नातेवाईक' या रकान्यात शेजाऱ्याचं नाव लिहिणारे. पण मुलीच्या तोंडावर 'जाऊ नकोस' म्हणण्याची तिची तयारी नव्हती. इथे ती न म्हणताच सगळं जागच्या जागी थांबत होतं. पर्सचा बंद तिने बोटाभोवती गुंडाळला आणि घड्याळाकडे पाहिलं. पावणेचार.

आजोबांनी भिंग खाली ठेवलं. "बारके, इकडे बघ. मी एकदाच विचारतो. हे कुणाच्या हातचं?"

"माझ्या."

"मग डावं कसं?"

बारकीने फोटोकडे पाहिलं. आईला तिचा चेहरा दिसत होता. तिला खरंच कळत नव्हतं. वेटोळं करताना तिने जे पाहिलं होतं तेच तिला फोटोत दिसत असणार. मग तिने आत्याकडे पाहिलं. आत्याने टेबलाच्या कडेकडे. आईला कळलं की मुलगी आता भलत्याच प्रश्नाचं उत्तर देणार आहे, आणि आत्ता बोललं तर ते थांबेल. ती बोलली नाही.

"मी काकांकडे जात होते," बारकी म्हणाली. "बुधवारी. फक्त बुधवारी, एकूण चौदा वेळा. आत्याला मीच गळ घातली होती, तिला काही बोलू नका. पण हा तुकडा इथलाच आहे. रविवारी केला, तिसऱ्या बर्नरवर. ही नुसती शपथ नाही, भट्टीच्या वहीत तापमान लिहिलंय माझ्या अक्षरात."

धाकट्याने मान हलवली. गणिताचं उत्तर मागच्या पानावरच्या उत्तराशी जुळल्यावर हलवतात तशी. आजोबांनी विचारलेला प्रश्न मात्र आईच्या अपेक्षेतला नव्हता.

"त्याने तुला डावं वळायला लावलं?"

"नाही. मी पहिल्या दिवशी त्यांचं बघून डावं वळायला गेले तर त्यांनी नळी काढून घेतली. म्हणाले, तुझा हात उजवा आहे, तू उजवंच वळ."

आजोबांचे हात टेबलावर होते, तसेच राहिले.

"मग हे डावं कसं?" धाकटा म्हणाला. आता तो खरंच विचारत होता.

आईने पर्स टेबलावर ठेवली, त्यातला छोटा आरसा काढला आणि फोटोशेजारी उभा केला. "आता बघा," ती म्हणाली. आरशातलं वेटोळं उजवीकडे चढत होतं, आणि हात डावा होता, अंगठ्याखालच्या डागासकट. तिने कॅमेऱ्याचं सांगितलं, डागाचं सांगितलं. आवाज तिचा नेहमीचाच होता, पेशंटला 'श्वास रोखा' म्हणते तसा.

धाकट्याने आरसा उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. मग तो आरशातून बायकोकडे पाहत म्हणाला, "हे तुला कधी कळलं?"

"आल्या आल्या."

"पाऊण तास झाला."

"हो."

"आणि तू गप्प बसलीस."

"तुम्हीच नाही म्हणत होता," ती म्हणाली. "मला म्हणावं लागणार नव्हतं."

बारकीने आईकडे पाहिलं, आणि आईला वाटलं होतं त्यापेक्षा ते सोसायला जड गेलं. तिने फॉर्म ओढून घेतला, पर्समधलं पेन काढलं आणि पालकाच्या ओळीवर सही केली. धाकट्याने केलेली पेन्सिलची खूण खोडायला तिच्याकडे रबर नव्हतं. ते आत्याने दिलं.

*

आजोबांनी मालकाच्या ओळीवर सही केली. सांधा शिकून येशील तर नळी आणि धातू दोन्ही एकदम तापवतात की आधी धातू, एवढं पत्राने कळव, असं ते बारकीला म्हणाले. सहा महिने थांबायची त्यांची तयारी दिसत नव्हती. तिसरी ओळ राहिली.

"ती मी करणार नाही," धाकटा म्हणाला. "ज्याने शिकवलं त्याची घ्या."

त्यात टोमणा होता, पण आत्याने तो सरळ घेतला आणि तिथल्या तिथे थोरल्याला फोन लावला. पलीकडून पहिला प्रश्न आला तो फोन स्पीकरवर आहे का. आत्या नाही म्हणाली. मग त्याने विचारलं की खोलीत कोण कोण आहे. तिने सगळं सांगितल्यावर, मुलीला कागद घेऊन पाठव, पण तो कागद कुणी लिहिलाय ते आधी बघेन, असं उत्तर आलं.

चार वाजून दहा मिनिटं झाली होती. धाकट्याने स्कूटरची किल्ली घेतली. मी सोडतो म्हणाला. बारकीने विचारलं नाही तरी त्याने कारण सांगितलं: बघू तरी, तो काय लिहून देतो.

पुलावर बारकी मागे बसून वडिलांच्या शर्टाची शिवण पाहत होती. ते रागावलेत की नाही हे पाठीवरून कळत नव्हतं. चौदा बुधवार तिने या पुलावरून बस घेतली होती, आणि प्रत्येक वेळी वाटायचं की पुढच्या सीटवरचं डोकं ओळखीचं आहे. आज वाटलं, वडील मधेच गाडी वळवतील. सिग्नलला ते थांबले आणि मागे न पाहता म्हणाले, "मी तुला वेटोळं करायला बसू देणार नव्हतो असं नाही."

"कधी?"

"पुढच्या वर्षी."

"गेल्या वर्षीही तुम्ही पुढच्या वर्षी म्हणाला होता."

सिग्नल सुटला.

थोरल्याचं वर्कशॉप एका टायरच्या दुकानामागे होतं. एकच खोली, एकच बर्नर, आणि त्याची ज्योत चालू होती. फळीवर वेटोळी मांडली होती, सगळी डाव्या वळणाची. धाकटा उंबऱ्याबाहेर थांबला. त्याने वेटोळी मोजली नाहीत असं त्याने स्वतःला सांगितलं, आणि ती एकोणीस होती. थोरल्याचे केस पांढरे झाले होते. आत्याने त्याला हे कधी सांगितलं नव्हतं.

थोरल्याने गडद चष्मा कपाळावर सरकवला आणि फॉर्म दोन्ही बाजूंनी वाचला. बारीक अक्षरातलंही वाचलं. मग त्याने तो परत केला.

"हे मी लिहिणार नाही."

धाकट्याला वाटलं, आलं. हेच येणार होतं. आता ही मुलगी इथेच अडकेल आणि दोष माझ्या दारात येईल. "का?" त्याने बाहेरूनच विचारलं. अकरा वर्षांनंतरचा हा पहिला शब्द होता आणि तो इतका आखूड निघाला.

"खोटं आहे म्हणून. इथे लिहिलंय, 'विद्यार्थिनीला काचकाम शिकवणारा'. ही माझ्याकडे आली तेव्हा हिला नळी कापता येत होती, फुंकता येत होती, सांधता येत होती. हिचा श्वास सारखा होता. हे मी शिकवलेलं नाही. ज्याने शिकवलं तो बाहेर उभा आहे."

"वेटोळं तू शिकवलंस."

"तेवढंच."

"तेवढंच तर नमुन्यात आहे. कर सही."

"बाकीचं येत नसतं तर वेटोळं झालं असतं का? तू कर."

"मी केली की उद्या तू म्हणशील, माझं शिकवलेलं त्याने आपल्या नावावर लावलं."

"आणि मी केली की तू म्हणशील, मुलगी फितवली, आता लिहूनही घेतलं."

दोघांचंही म्हणणं बरोबर होतं, हे बारकीला दिसत होतं. दोघं नेमकं तेच म्हणाले असते. तिने मोबाइल पाहिला.

"चार पस्तीस," ती म्हणाली. "ओळ एक आहे, पण लांब आहे. बारीक केल्या तर दोन मावतील. कोण आधी करणार?"

कुणीच पुढे झालं नाही. आपण आधी केली आणि दुसऱ्याने केलीच नाही तर, हे दोघांच्याही चेहऱ्यावर इतकं सारखं लिहिलं होतं की बारकीला हसू आलं. ते तिने दाबलं. तिने कागद बर्नरपासून लांब, बाकाच्या कोपऱ्यावर सपाट धरला आणि पेन काकांच्या डाव्या हातात दिलं. थोरल्याने ओळीच्या उजव्या टोकाला सही केली. अर्धी ओळ मोकळी राहिली. ती त्याने धाकट्यासाठी ठेवली की त्याची सहीच लहान होती, ते सांगता येत नव्हतं. धाकटा एक पाऊल आत आला, उरलेल्या जागेत सही केली, आणि एक पाऊल मागे गेला.

बारकीने शाई वाळायची वाट पाहिली नाही. कागद प्लास्टिकच्या पाकिटात घातला, वडिलांच्या हातातली किल्ली घेतली आणि म्हणाली की दोघांना घेऊन ही गाडी कॉलेजचा चढ चढत नाही. तो काही म्हणेपर्यंत ती टायरच्या दुकानापाशी होती. स्कूटरचा आवाज वळणावर गेला आणि रस्त्यावरच्या इतर आवाजांत मिसळला.

धाकटा उभा राहिला. गाडी चढ चढत नाही हे खरं होतं. तरीही हे तिने घरूनच ठरवून आणलं असेल का, अशी शंका त्याला आली. बसथांबा पुलाच्या अलीकडे होता, चालत दहा मिनिटं. तो निघू शकत होता. थोरला त्याच्याकडे पाहत नव्हता. त्याने चष्मा डोळ्यांवर ओढला होता आणि एक लांब नळी ज्योतीत धरून फिरवायला सुरुवात केली होती. नळी लाल झाली, मग नारिंगी. ज्योत एका बाजूला झुकली, सरळ झाली, पुन्हा झुकली.

"यायचं तर ये," थोरला म्हणाला. "नाहीतर जा. पण दार उघडं ठेवू नकोस, ज्योत हलतेय."

धाकट्याने दाराला हात लावला. नळी आता वाकायला आली होती; अजून दोन क्षण आणि हातातून गेली असती. तो आत आला आणि त्याने दार लावून घेतलं.